जिवंत बैलाचा रकाना

“जिता बैल म्हंजी जिताच,” गहिनीनाथ पाटील म्हणाला. “कंबरडं मोडलंय का शिंग, ते साह्यब इचारत न्हाई. शिवास चालू हाय का येवढंच बघतो, आन् लिवतो.”

अब्राहाम साळवे हरण्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसला होता. त्याच्या हातात तुराटी होती. बैलाच्या मागल्या अंगावर कावळे उतरत, तो तुराटी फिरवी, कावळे पडक्या भिंतीवर जाऊन बसत आणि पुन्हा येत. हरण्याला शेपटी हलवता येत नव्हती, म्हणून ते काम दोन दिवसांपासून अब्राहामकडे आलं होतं. पाटलाच्या बोलण्याकडे त्याचं अर्धंच लक्ष होतं.

परवा दिवस मावळायच्या आधी खडकदरा गावावर गारा कोसळल्या. फाल्गुनात गारा पडणं नवीन नाही, पण ह्या लिंबाएवढ्या होत्या आणि अर्धा तास थांबल्या नाहीत. गहू झोपला, कांद्याची पात चिंध्या होऊन मातीला चिकटली. रतनबाईच्या गोठ्याची दगडमातीची भिंत पाणी पिऊन फुगली आणि आत बांधलेल्या जोडीवर आडवी झाली. चिमण्या जागच्या जागी गेला. हरण्याच्या कमरेवर आढं पडलं. पुढचे पाय शाबूत, मान शाबूत, डोळे नेहमीपेक्षा मोठे. मागचं सगळं मात्र जमिनीला खिळलेलं. हरण्याला चार गड्यांनी अंगणात ओढून आणलं. चिमण्या ढिगाऱ्यात तसाच होता, कारण पंचनामा झाल्याशिवाय मेलेलं जनावर हलवायचं नाही असा हुकूम होता. तो आता ढोलासारखा फुगला होता आणि वास सुटला होता.

रतनबाईचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. आठ एकर जमीन, एक विहीर, पोटी मूल नाही. नवरा गेल्यावर वर्षभरात तिने अब्राहामला सालाने ठेवलं, आणि तेव्हापासून दर पाडव्याला त्याचं साल पुढे चालू झालं. गहिनीनाथ तिचा थोरला दीर. वाटणी होऊन वेगळा झालेला, पण गावचा पंच असल्यामुळे भावजयीच्या घरात त्याचा शब्द चाले, आणि तो चालतो हे त्याला आवडेही.

“भाऊजी, नीट सांगा मला,” रतनबाई दारातून म्हणाली. तिच्या हातात गुळाच्या पाण्याचा तांब्या होता. “एक बैल मेला तर येकाची मदत मिळंल ना?”

“तेच तर सांगतोय. न्हाई मिळत. ज्याचं औत पुरतं बंद पडलं त्यालाच मदत. एक जरी जिता आसंल तर औत चालू, आसं सरकार म्हनतंय. कागदावर दोन रकाने हायेत. मेलेले किती आन् जिते किती. जित्याच्या रकान्यात येक पडला, की तुजं नाव कटलं.”

“ह्यो काय औताचा बैल हाय का आता?”

“मी म्हनतोय का हाय म्हनून? रकाना म्हनतोय.”

सरकार दुष्ट होतं असं कुणी म्हणू नये. चव्वेचाळीस साल होतं, लढाई चालू होती, रॉकेलसाठी माणसं बाटल्या घेऊन उभी राहत होती, आणि तशातही सरकारने खडकदऱ्याच्या बैलांची आठवण ठेवली. जोडीमागे मदत जाहीर केली, घोड्यावर माणूस पाठवला, छापील कागद दिला. त्या कागदावर रकाने आखणाऱ्याने मोट कधी हाकली नसावी. एका बैलाने मोट निघत नाही आणि नांगरही निघत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही.

“सर्कलसाह्यब दुपारी येतोय,” गहिनीनाथ म्हणाला. “सकाळच्याला मी शेजारच्या वस्तीवर गेल्तो, थितं गाठ पडली. आज आपलं गाव. यादी आजच बंद.”

“वैद्य काय म्हनला?”

“चार दिस काढंल, म्हनला. पाचबी काढंल. उठायचा न्हाई.”

“मंग चार दिसानं लिहा की.”

“चार दिसानं लिवायला साह्यब माजा जावई हाय का?”

रतनबाईने गुळाचं पाणी अब्राहामकडे दिलं. म्हणजे तांब्या खाली ठेवला, ती मागे सरली, मग त्याने उचलला. हे अकरा वर्षं असंच चाललेलं होतं आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. अब्राहामने बैलाचा जबडा वर धरून पाणी ओतलं. अर्धं आत गेलं, अर्धं मातीत.

गहिनीनाथने खिशातून चंची काढली. त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, “अबराम, तुमच्यात ह्याचं पाप न्हाई ना?”

अब्राहामने मान वर केली. “कशाचं?”

“आरं, गाईबैलाचं. आमच्यात हात उचलला तर सात पिढ्या नरकात. तुमच्यात तसं न्हाई, आसं ऐकलंय.”

अब्राहामच्या बापाने मिशनच्या शाळेजवळ बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन धर्म बदलला होता. तो स्वतः ख्रिस्ती म्हणूनच जन्मला. पण गेल्या अकरा वर्षांत रतनबाईच्या वस्तीवर त्याच्या धर्माची चौकशी कुणी केली नव्हती. त्याचा पाण्याचा तांब्या गोठ्याच्या खिडकीत वेगळा असे, भाकरी वरून पडे. तेवढ्यापुरता तो आजोबांचा नातू होता, महारवाड्यातला. आज गहिनीनाथ पाटलाला तो एकाएकी पुरता ख्रिस्ती दिसायला लागला.

“आमच्यात बैल मारा आसं सांगितल्यालं न्हाई, पाटील,” तो म्हणाला.

“मारू नका आसंबी न्हाई ना?”

अब्राहामने रतनबाईकडे पाहिलं. तिने दिराला गप्प करावं म्हणून त्याने पाहिलं. ती हे करील अशी त्याची खात्री होती. हरण्या तिच्या घरच्या गाईचा गोऱ्हा. त्याच्या जन्माच्या दिवशी तिने गल्लीत खरवस वाटला होता. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लावताना ती त्याच्याशी बोले, आणि काय बोलते ते अब्राहाम ऐकून न ऐकल्यासारखं करी.

रतनबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्याचं हाल बघवत न्हाईत रं, अबराम,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तिचे डोळे भरले होते. पण माणूस एकाच वेळी रडूही शकतो आणि हिशोबही धरू शकतो, आणि त्यातलं कुठलंच ढोंग नसतं. अब्राहामला त्या क्षणी तिचा राग आला. नंतरही आयुष्यभर त्याने तो राग कुणाला सांगितला नाही.

“बघ बाबा,” गहिनीनाथ म्हणाला, “जबरदस्ती न्हाई. पन औत न्हाई तर मोट न्हाई, मोट न्हाई तर साल कसलं? पाडवा म्हैन्यावर आलाय. ह्या बाईनं तुला ठिवायचा तो काय भिंतीला टेकवून?”

“घरी जाऊन येतो,” अब्राहाम म्हणाला. त्याने हरण्याचं डोकं हळूच खाली टेकवलं, मांडीखालची गोणी काढून त्याच्या गालाखाली सारली आणि तुराटी रतनबाईच्या पायाशी ठेवली. “कावळं बघा तवर.”

त्याची बायको लिडिया घराच्या पाख्यावर चढून फुटलेली कौलं काढत होती. गारांनी अब्राहामच्या घराचंही छप्पर चाळणीसारखं केलं होतं. पण सरकारची यादी शेतकऱ्यांची होती, आणि अब्राहामकडे शेत नव्हतं, त्यामुळे त्याच्या छपराला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. त्याबद्दल त्या दोघांनी बोलायचंही टाळलं होतं.

त्याने खाली उभं राहून सगळं सांगितलं. लिडिया पाख्यावर बसूनच ऐकत राहिली. दोन्ही हातांत दोन अर्धी कौलं.

“सांगा त्यांस्नी, आमच्यातबी जमत न्हाई म्हनून.”

“खोटं कसं सांगू?”

“मंग खरं सांगा. हात उठत न्हाई म्हनावं.”

“हात न्हाई उठला तर साल गेलं.”

“जाऊ द्या. सडकंचं काम निघालंय सुप्याकडं. खडी फोडाय जाऊ. दोघंबी जाऊ, मी का घरात बसून ऱ्हाती का?”

अब्राहाम जमिनीकडे बघत उभा होता. तो पन्नाशीला आला होता. वाचायला त्याला जेमतेम येई, गाणं येत नसे, हाताला कुठलं कसब नव्हतं. त्याला बैल कळत. बैल कुठल्या अंगाने थकलाय, कुणाच्या खुरात काय रुतलंय, कुणाला उन्हाचा त्रास होतो, हे त्याला लांबून कळे. हरण्याला त्याने मोटेवर आवाज न देता मागे सरायला शिकवलं होतं. मोट विहिरीत उतरायला लागली की हरण्या आपोआप पाऊल मागे टाकी, आणि चिमण्या त्याच्या जोडीने सरके. शेजारचे शेतकरी बघायला येत. अब्राहामला आयुष्यात कुणी शाबासकी दिली असेल तर ती त्या विहिरीच्या थारोळ्याजवळ, जिथे मोट रिकामी होई तिथे.

“सडकंवर बैल न्हाईत, लिडे,” तो म्हणाला.

लिडियाने कौलं खाली टाकली नाहीत, शेजारी नीट ठेवली. “त्यासाठी बैल मारनार?” तिने विचारलं.

त्याने आत जाऊन कुऱ्हाड घेतली आणि तो बाहेर पडला. लिडिया पाख्यावरून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिने त्याला हाक मारली नाही, आणि ती का मारली नाही ह्याचं उत्तर तिला नंतर कधी सापडलं नाही.

रतनबाईच्या अंगणात गहिनीनाथ उभाच होता. कुऱ्हाड बघून त्याचा चेहरा कडू झाला.

“येडा हाय का? कुऱ्हाडीचा घाव लपतो व्हय? साह्यब काय आंधळा हाय? गारपिटीनं मेला पायजेल.” त्याने ढिगाऱ्याकडे बोट केलं. “भिंतीचा दगुड घे. भिंत पडली, दगुड लागला, मेला. आन् मारलाय हे कळलं तर मदत तर जाईलच, वर तुला बेड्या.”

“मला?”

“मंग काय मला?”

एवढं बोलून पाटील देवळाकडे निघून गेला. त्याला ते बघायचं नव्हतं. रतनबाई आधीच आत गेली होती. तिने दार लावून घेतल्याचा आवाज अब्राहामने ऐकला, आणि मग आतून कडी घातल्याचाही.

अंगणात तो आणि हरण्या उरले. कावळे बैलाच्या मांडीवर बसलेले होते, तुराटी जिथे ठेवली होती तिथेच पडली होती. अब्राहामने त्यांना हाकललं. मग तो ढिगाऱ्याजवळ गेला आणि दगड बघायला लागला. एक उचलला, तो हलका होता. दुसरा उचलला, त्याला धार नव्हती. तिसरा त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि आणला.

हरण्याने त्याला येताना पाहून कान टवकारले. त्याला वाटलं असेल पाणी आलं. अब्राहामने दगड खाली ठेवला, तांब्यात उरलेलं गुळाचं पाणी त्याला पाजलं, कपाळावरून हात फिरवला. काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. रविवारी मिशनचे मास्तर प्रार्थना सांगत त्यातली एकही त्याला आठवली नाही, आणि आठवली असती तरी ती बैलासाठी चालते की नाही हे माहीत नव्हतं.

पहिल्या घावात हरण्या गेला नाही. अब्राहामचा हात शेवटच्या क्षणी ढिला पडला आणि दगड कपाळाऐवजी डोळ्याच्या वर बसला. हरण्या ओरडला नाही. त्याने पुढचे दोन पाय मातीत रोवले आणि मागे सरायला लागला. मोटेवर सरायचा तसा, बिनबोलता. मागचं अंग हलत नव्हतं, पुढचे खूर जागच्या जागी माती उकरत होते. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण मागे सरावं असं वाटतंय, एवढंच त्याला कळलं होतं.

अब्राहामने दगड पुन्हा उचलला. त्यानंतर अजून दोनदा उचलावा लागला.

मग तो कडी घातलेल्या दारासमोर जाऊन उभा राहिला. हात धुवायला पाणी हवं होतं. “बाई,” तो म्हणाला. आतून उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली नाही. ओढ्यावर जाऊन त्याने हात धुतले, आणि येताना ओल्या मातीने दगडही पुसून पुन्हा ढिगाऱ्यात टाकला. हरण्याला चार माणसांनी ढिगाऱ्याकडे ओढायचं तर चार माणसांना कळलं असतं. म्हणून त्याने भिंतीचेच दगड आणून त्याच्याभोवती पसरले. ह्यात त्याचा तासभर गेला.

सर्कलसाहेब दोनच्या सुमाराला आले. तट्टावर बसलेले, चष्म्याचे, चाळिशीचे गृहस्थ. उन्हाने त्रासलेले, पण वागायला सभ्य. त्यांनी आधी नाकाला रुमाल लावून चिमण्याला पाहिलं आणि लिहिलं. मग हरण्यापाशी आले. छडीच्या टोकाने त्यांनी बैलाच्या पोटाला टोचलं. पोट खाली गेलं आणि वर आलं.

“हा कधी मेला?”

“परवाच, साह्यब,” गहिनीनाथ म्हणाला. “दोनीबी येकदमच.”

“तो फुगून फुटायला आला, आणि हा अजून मऊ?”

रतनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. साहेबांनी खाली वाकून कपाळ पाहिलं, डोळा पाहिला. रक्त अजून पुरतं काळं झालेलं नव्हतं. त्यांनी कंबर सरळ केली आणि पंचांकडे न बघता अब्राहामकडे पाहिलं.

“तू कोण?”

“सालगडी, साह्यब.”

“नाव?”

“अब्राहाम साळवे.”

“मिशनचा का?” साहेबांच्या चेहऱ्यावर जरा करमणूक झाल्यासारखं दिसलं. “बरं झालं. पंच काही सांगतात, तू खरं सांग. तुमच्या लोकांना खोटं बोलायची बंदी असते म्हणतात. हा बैल परवा मेला?”

अब्राहाम खरोखरच खोटं बोलत नसे. त्यात धर्माचा भाग थोडा आणि बुद्धीचा जास्त. खोटं सांभाळायला जी हुशारी लागते ती त्याच्याकडे नव्हती. त्याने गहिनीनाथकडे पाहिलं नाही, रतनबाईकडेही नाही. साहेबांच्या तट्टाकडे बघत तो म्हणाला, “परवाच मेला, साह्यब. भिंतीखाली.”

“झालं तर,” साहेब म्हणाले. “मिशनवाला सांगतोय म्हणजे खरंच.” आणि त्यांनी हसत लिहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. तो बैल आज मेला काय आणि परवा काय, त्यांच्या कागदाला फरक पडत नव्हता; जिवंतांच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं आणि सही केली.

रतनबाईने चहा केला. साहेब पडक्या गोठ्याकडे पाठ करून बाजेवर बसले. चहा चांगला होता, गूळ बेताचा होता, ते खुलले.

“तुमचं गाव लवकर उरकलं,” ते म्हणाले. “मला वाटलं दोन दिवस जातील. पण आता घाई नाही. मुदत वाढली की.”

“कशाची?” गहिनीनाथने विचारलं.

“यादीची. कालच कागद आला. पंधरा दिवस वाढवून दिलेत. जखमी जनावरं मागाहून मरतात, तीही धरा म्हणून.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “सकाळी गाठ पडली तेव्हा तुम्हाला सांगायचं राहिलंच.”

रतनबाईच्या हातातली किटली वाकडी झाली आणि चहा जमिनीवर सांडला. तिने तो पुसला नाही. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या अब्राहामकडे तिने पाहिलं, आणि तो आपल्याकडेच बघतोय हे दिसताच तोंड फिरवलं. गहिनीनाथ मात्र पंच होता. “आस्सं व्हय,” तो म्हणाला. “सरकारनं बरं क्येलं. आनिक घ्या ना चहा, साह्यब.”

पुढचा महिना अब्राहाम भिंत बांधत होता. दगड तेच होते, माती नवी आणली. रतनबाई त्याच्याशी कामापुरतंही बोलत नसे. भाकरी ठेवून आत जाई. तो समजून होता की बाईला बैलांचं दुःख आहे. त्याला स्वतःलाही भाकरी उतरत नव्हती.

गावाला कळायचं ते कळलंच. कळवलं गहिनीनाथनेच. देवळाच्या पारावर कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, “आमी त्याला अडवूस्तवर त्यानं दगुड घातलाबी. आता त्येंच्यात पाप न्हाई, त्याला आपन काय करनार?” हे बोलणं गावाला पटलं. पण बैल रतनबाईच्या दारात पडला होता, म्हणून दोष तिच्याही घराला लागला. बायका तिच्या हातचं हळदीकुंकू घेईनात. तेव्हा तिने गाडी करून प्रवरासंगम गाठला, नदीत आंघोळ केली, तिथल्या ब्राह्मणाने सांगितलं ते दान दिलं, आणि परत येऊन पाच घरी शिधा पोचवला. ती शुद्ध झाली. अब्राहामच्या धर्मात ते पापच नव्हतं, त्यामुळे त्याला प्रायश्चित्तही नव्हतं, आणि गावाच्या लेखी तो होता तसाच राहिला.

मदत मंजूर झाली. सरकारी कामाच्या मानाने लवकरच. पाडव्याच्या दोन दिवस आधी गहिनीनाथने बाजारातून नवी खिल्लारी जोडी आणून दिली. अब्राहामला आपल्या घरातून घुंगरांचा आवाज ऐकू आला. तो उठून दारात आला आणि आवाज रतनबाईच्या वस्तीकडे जाईपर्यंत उभा राहिला.

“डावा जरा फेंगडा चालतोय,” तो लिडियाला म्हणाला.

“न बघताच?”

“आवाज येतोय की.” महिन्याभरात तो पहिल्यांदाच हसला. लिडियाने पाणवठ्यावर ऐकलेलं काही त्याला सांगायचं ठरवलं होतं, ते तिने गिळलं.

पाडव्याला सकाळी त्याने धुतलेली बंडी घातली आणि तो सालाचं बोलायला गेला. नवी भिंत त्याने सारवूनसुद्धा ठेवली होती. गोठ्यासमोर जोडी बांधलेली होती, पांढरी, उंच शिंगांची. त्याची नजर जनावरांवरच खिळली आणि पाय आपोआप तिकडे वळले.

“थांब,” रतनबाई म्हणाली.

ती ओट्यावर उभी होती. गुढीला बांधलेल्या साडीची सावली तिच्या अंगावर हलत होती. गोठ्यातून एक तिशीचा गडी कासरा हातात घेऊन बाहेर आला. हा छगन, गहिनीनाथच्या बायकोच्या माहेरचा.

“तिकडं जाऊ नको,” रतनबाई म्हणाली. “हात लावू नको त्यास्नी.”

अब्राहाम अंगणाच्या मध्यावर थांबला. “बाई, सालाचं...”

“छगन ऱ्हायलाय सालानं.”

तो जागचा हलेना, तेव्हा तिलाच बोलावं लागलं. “बांधाचं काम हाय, विहिरीतला गाळ काढायचाय. लागंल तवा बोलवीन. रोजानं. पन बैलाकडं न्हाई.” मग तिचा आवाज चढला, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. “मला तुज्याकडं बघवत न्हाई, अबराम. तू दिसला का त्यो दिस दिसतो. पंदरा दिस हुतं आपल्याकडं. आपल्या मरनानं मेला आसता माजा बैल.”

“व्हय,” अब्राहाम म्हणाला.

“आन् मी तुला मार म्हनले न्हवते. म्हनले हुते का? सांग.”

गुढीखाली उभी असलेली ती बाई खरोखरच उत्तराची वाट बघत होती. त्याने हो म्हटलं असतं तर तिला तो कायमचा शत्रू म्हणून परवडला असता.

“न्हाई, बाई,” तो म्हणाला. “तुमी न्हवता म्हनला.”

रतनबाई ओट्यावर मटकन बसली. छगन ह्या बोलण्यात पडला नाही. पाडव्याचा नांगर धरायचा मुहूर्त होता, त्याने जोडी सोडून जुवाखाली आणली. उजव्या अंगाला घातलेला बैल मान झटकून बाहेर निघाला. छगनने त्याला दोनदा पुन्हा आणला, शिव्या दिल्या, चाबूक काढला. बैल मागे रेटत ओट्यापर्यंत आला.

“मारू नको,” अब्राहाम जागेवरूनच म्हणाला. “त्यो डाव्या अंगाचा हाय. जोडी उलटी जुपलीय तू.”

छगनने घाम पुसला. जाणता माणूस भेटल्यावर कुणीही करील तसं त्याने केलं. कासरा पुढे धरला. “धरा की तुमीच, दाखवा.”

अब्राहामने रतनबाईकडे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

“न्हाई,” तो म्हणाला. “तू धर. मी सांगतो. पयलं वेसन ढिली सोड. आता त्याला भवती फिरीव, घाई नको. डावीकडं घे. मानंवर हात ठिव, हां, तसाच ठिवून उभा ऱ्हा. त्याला तुजा वास घिऊ दे.”

छगनने हात ठेवला. बैलाने कान पाडले, एक सुस्कारा टाकला आणि जुवाखाली मान घातली. दुसराही आला. अब्राहाम अंगणाच्या मध्यावर उभा राहून एकेक गोष्ट सांगत होता, मानेखालची जुपणी किती आवळायची, जुवातली शिवळ कशी बसवायची, आणि छगन ती करत होता. नांगर रानाकडे निघाला. तो बांधापलीकडे उतरून दिसेनासा होईपर्यंत अब्राहाम तिथेच थांबला. मग वळून घराकडे चालू लागला, हात तसेच मागे धरलेले.